हो म्हटलं की सुटका

ओ क्लेअर, विस्कॉन्सिन
बुधवार, ११ मार्च

प्रिय बाबा,

तिकडे अजून बर्फ आहे आणि आपल्या मेबल गाईला कालवड झाली, असं आईकडून कळलं. मी बरी आहे, वेळेवर जेवते. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही ‘हो, हो’ म्हणता आणि फोन आईकडे देता.

गुडघ्याचे व्यायाम करताय ना? लगेच ‘हो’ म्हणू नका. नवा गुडघा बसवून दीड महिना झाला, आणि आई म्हणते तुम्ही खुर्चीत बसून खिडकीतून गोठ्याला शिव्या घालता.

मी दर शनिवारी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जाते, नुसतं पाहायला. पुढे फिजिओथेरपीच्या शाळेत प्रवेश हवा तर हे करावंच लागतं. तिथं चीज कारखान्यातले युसेबिओ येतात, त्यांचा खांदा आखडलाय. तिथल्या फिजिओथेरपिस्ट मार्लिसबाई दर वेळी विचारायच्या, “घरी व्यायाम केलात?” ते मान डोलवायचे. खांदा मात्र जिथल्या तिथं. शेवटी गेल्या शनिवारी मी त्यांच्या भाषेत, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं. ते आधी पोटभर हसले. “पोरी, माझ्याशी बोलतेस की वासराला चुचकारतेस?” मग हळूच म्हणाले, “एकदाही नाही केला. हात वर नेला की आत काहीतरी तुटेल असं वाटतं. ते इंग्रजीत कसं सांगू? हो म्हटलं की लवकर सुटका होते.”

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा हात डोक्याच्या वर नेला. मी खालून आधार दिला होता.

तेव्हापासून मला धड झोप नाही, बाबा. त्याआधीच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, “व्यायामशास्त्राला नाव घातलंस ना?” मीही ‘हो’ म्हणून सुटले. नाही घातलं. मुख्य विषय म्हणून स्पॅनिश घेतलंय. सही करून आलेय.

फिजिओथेरपी सोडलेली नाही, शपथ. त्या शाळांना पदवी कुठलीही चालते, फक्त शरीरशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र हवंच. तो सगळा भार मी वरून उचलणार. आणि रसायनात या वेळी मी जेमतेम काठावर पास झालेय. हेही लपवलं होतं. आणखी एक विषय घसरला तर तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं! माझ्या खोलीत राहणारी डार्सी म्हणते, “सरळ रस्ता सोडून चिखलात कशाला शिरतेस गं?” तिला उत्तर देताना मी ठाम असते. ती वर्गाला गेली की रसायनाचे गुण पुन्हा काढून बघत बसते.

तुम्हालाही गुडघा वाकवायची भीती वाटते का? आई म्हणते आळस. मला नाही तसं वाटत.

येत्या रविवारी घरी येतेय. गुडघा माझ्या हातात द्या. दुखलं तर दुखतंय म्हणा. माझा राग आला असेल तर तोंडावर ओरडा, गोठ्यापर्यंत ऐकू जाऊ दे. फक्त ‘हो, हो’ म्हणून मला सोडून देऊ नका.

तुमची, खूप घाबरलेली,
सोल्व्हेग