नाखवा १.० कुठेही चालतो

१ जुलै, मंगळवार
आजपासून रोजनिशी लिहायची. उद्या कंपनी मोठी झाली की सुरुवातीच्या दिवसांबद्दल विचारतील, तेव्हा आठवत बसायला नको.

सध्या कंपनी म्हणजे मी. एप्रिलमध्ये नोकरी सोडली. प्रॉडक्ट तयार आहे: 'नाखवा'. समुद्रातून परतणाऱ्या बोटीवरून मोबाइलवर मेसेज आला, की मनोरीच्या मच्छीमार सोसायटीतल्या तिन्ही कॉम्प्युटरवर लगेच दिसणार, किती मासळी येतेय आणि किती बर्फ फोडून ठेवायचा. अर्लँगमध्ये लिहिलंय. ही भाषा टेलिफोन एक्स्चेंजसाठी बनवलेली, एक मशीन पडलं तरी बाकीची चालूच. आता फक्त इन्स्टॉल करायचं राहिलंय. म्हणजे काहीच राहिलेलं नाही.

रुचिराची अट: नारळी पौर्णिमेला नाखवा मनोरीत चालताना दिसला पाहिजे, नाहीतर प्रांजलला फोन करायचा. जुन्या ऑफिसात प्रांजल माझ्या हाताखाली शिकला. आता तिथेच मॅनेजर आहे. म्हणतो, सर, तुमची जागा भरलेली नाही. बायकोची अट मी हसत हसत मान्य केली.

३ जुलै
मार्वेहून फेरीने मनोरीला. विनिता सोसायटीची सेक्रेटरी. तिने कॉम्प्युटर दाखवले. ऑफिसात जुनापुराणा विंडोज. बर्फाच्या खोलीत लिनक्स, कुठल्याशा योजनेत मिळालेला. तिसरा तिच्या भावाच्या, परेशच्या घरी. तो मॅक, परदेशी जहाजावर इंजिनिअर असलेल्या मामाने दिलेला. तीन मशीन, तीन जाती.

विनिताने विचारलं, तिन्हीवर चालेल ना रे? मी म्हटलं, एक क्लिक. ती म्हणाली, ठीक, मीटिंगमध्ये तसंच सांगते सगळ्यांना. परतताना वाटलं, जरा कमी बोलायला हवं होतं. मग वाटलं, नाही, सेल्समध्ये असंच बोलतात.

९ जुलै, सकाळी
आज लिनक्सचं पॅकेज, म्हणजे क्लिक केलं की इन्स्टॉल होणारी फाइल. नाश्त्याच्या आधी संपवणार.

९ जुलै, संध्याकाळी
संपवलं. अर्लँगचं अख्खं इंजिनच पॅकेजमध्ये भरून टाकलं, म्हणजे समोरच्याकडे अर्लँग नसला तरी अडत नाही. टेस्ट केलं. झकास. टेस्ट माझ्याच लॅपटॉपवर केलं, तिथे अर्लँग आधीपासून आहेच, पण हा फारच बारीक मुद्दा झाला.

१२ जुलै, शनिवार
बर्फाची खोली. स्वेटर न्यायला हवा होता. क्लिक केलं, काही नाही. पुन्हा केलं, पुन्हा काही नाही. निदान: माझा लिनक्स नवा, त्यांचा जुना. माझं पॅकेज जे सामान मागतं ते त्यांच्याकडे नाहीच. दोष अर्थात त्यांचा. त्यांचा लिनक्स अपडेट करायला घेतला आणि अर्ध्यात लाइट गेली. आता तो कॉम्प्युटर सुरूच होत नाही.

विनिताला म्हटलं, सर्व्हिसिंगला नेतो. मांडीवर घेऊन फेरीत बसलो. शेजारच्या कोळणीने विचारलं, आजारी आहे का?

१९ जुलै
विंडोजचं पॅकेज विंडोजवरच बनवावं लागतं. शेजारच्या गंधालीने तिचा लॅपटॉप दिला. बनवलं. तिच्याकडे चाललंसुद्धा. मनोरीला नेलं तर आधी निळी पाटी आली, प्रकाशक अनोळखी आहे, चालवू नका. विनिता म्हणाली, हा तुला ओळखत नाही वाटतं. निळी पाटी ओलांडली तर दुसरी पाटी: हा प्रोग्राम या कॉम्प्युटरसाठी नाही. त्यांचा जुना, ३२ बिटचा; माझं पॅकेज नव्या, ६४ बिटच्या मशीनचं.

यात माझी चूक एवढीच, की मी काळाच्या पुढे आहे.

२६ जुलै
मॅक. परेश घरीच होता. पॅकेज उघडलं तर मॅक म्हणाला, या डेव्हलपरची खात्री देता येत नाही, कचऱ्यात टाका. खाली तसं बटणच होतं. परेशने ते दाबलं. मी ओरडलो. तो म्हणाला, अरे यार, त्यानेच सांगितलं ना टाक म्हणून!

मॅकचा विषय तात्पुरता बाजूला ठेवतोय. हा धोरणात्मक निर्णय आहे.

३१ जुलै
बाबांनी जेवताना विचारलं, तुज्याकडे चालता, मगे त्येंच्याकडे कित्याक चालना नाय? त्यांना ऑपरेटिंग सिस्टिम, लायब्ररी, आर्किटेक्चर, सगळं नीट समजावलं. ते म्हणाले, म्हणजे चालना नाय. आणि आमटी मागितली.

२ ऑगस्ट
रुचिराने विचारलं, किती झालं? म्हटलं, नव्वद टक्के. राहिलेले दहा कसले? म्हटलं, इन्स्टॉलेशन. तिने पेन घेऊन कॅलेंडरवर पौर्णिमेला गोल केला. ती पेन उचलते तेव्हा मला भीती वाटते.

खरं लिहायचं तर मला परत जायचं नाही. गळ्यात कार्ड अडकवून दारावर टेकवायचं, टुंग आवाज आला की आत. रजा हवी तर प्रांजलला मेल. नाखवा भले कुठे चालत नसेल, पण तो माझा आहे.

५ ऑगस्ट
सुचलं! जगात एकच मशीन असं आहे जिथे नाखवा शंभर टक्के चालतो. माझा लॅपटॉप. तोच न्यायचा. मोठमोठ्या कंपन्यासुद्धा सॉफ्टवेअर मशीनसकटच देतात. पौर्णिमेला डेमो, रुचिराला फोटो, संध्याकाळी लॅपटॉप पिशवीत टाकून घरी. मग सावकाश तिन्ही पॅकेजेस. इतकं सोपं आधी कसं सुचलं नाही? बुद्धी फार असली की असं होतं.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
चालला! परेशने बोटीवरून मेसेज टाकला, सुरमई भरपूर, बर्फ जास्त ठेवा. सोसायटीच्या टेबलावर, माझ्या स्क्रीनवर, तसंच्या तसं उमटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी चष्मा पुसून लपवलं. विनिताने सर्वांसमोर जाहीर केलं, बर्फाच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर हर्षदने नेला आणि त्याच्या बदल्यात हा नवाकोरा दिला. पुन्हा टाळ्या. तिची आई अंजनाबाई पुढे आल्या. लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, हार घातला, कीबोर्डवर अक्षता टाकल्या.

संध्याकाळी पिशवी उघडली तर अंजनाबाईंनी हात धरला. म्हणाल्या, आमच्यात पूजलेलं यंत्र मोसम संपेस्तोवर जागचं हलवत नाहीत.

तेव्हा सांगता आलं असतं, की बाई, हा माझा आहे. तोंड उघडलंही होतं. पण सगळे इतक्या कौतुकाने बघत होते, की बाहेर पडलं ते वेगळंच. म्हटलं, छे छे, मी फक्त वायर नीट करत होतो.

रुचिराला फोटो पाठवला. तिने बदाम पाठवला. अट पुरी केली.

९ ऑगस्ट, सकाळी
आजपासून नाखवा २.०. टेबलाशी बसलो. टेबल रिकामं.

रुचिराने विचारलं, कोड कुठे आहे? म्हटलं, मनोरीत. बॅकअप? म्हटलं, तोही मनोरीत, त्याच लॅपटॉपवर. विनिताला फोन केला, तिथे येऊन थोडं काम करू का? म्हणाली, ये ना, नारळीभात खाऊन जा. पण मशीनला हात लावायचा नाही. चाललंय ना, मग कशाला खाजवतोस? मोसम मे महिन्यापर्यंत असतो, ही माहितीही तिनेच दिली.

११ ऑगस्ट
शांतपणे विचार केला. कंपनी चालवायला लॅपटॉप हवा. ऑफिस लॅपटॉप देतं. दिवसा त्यांचं काम, संध्याकाळी नाखवा. म्हणजे हे नोकरीवर परत जाणं नव्हेच, हे फंडिंग आहे. रुचिराला हे पटवून दिलं. ती म्हणाली, हो रे, फंडिंगच. आणि माझे जुने शर्ट इस्त्रीला दिले.

प्रांजलला फोन केला. त्याला खरंच आनंद झाला, हे जास्त लागलं.

१८ ऑगस्ट, सोमवार
रुजू झालो. लॅपटॉप मिळाला. कार्ड मिळालं, फोटो जुनाच.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा पहिलं काम केलं, अर्लँग टाकायला घेतला. स्क्रीनवर पाटी: तुम्हाला इन्स्टॉल करण्याची परवानगी नाही. आयटीतल्या श्यामसुंदरला फोन केला. तो म्हणाला, मॅनेजरची मंजुरी आणा, लगेच करून देतो, एक क्लिकचं काम आहे.

प्रांजलच्या केबिनबाहेर जाऊन उभा राहिलो. तो खुर्चीतून उठला, म्हणाला, या ना सर, काय हवंय?

म्हटलं, काही नाही रे. एसी जरा कमी करता येईल का, विचारायला आलो होतो.