बाळाच्या खाटेला कोणतं तेल

३ नोव्हें.
डॉक्टरांनी नंतर प्रवास नको म्हटलं, म्हणून सातव्यातच माहेरी, तेरला. अण्णांनी बाळासाठी खाट केलीय. कडुलिंबाच्या लाकडाची, चारी बाजूंनी कठडा. जन्मात कधी पाट ठोकला नव्हता त्यांनी. एक पाय जरा आखूड आहे, पण हात फिरवला तर कुठं कुसळ लागत नाही. पॉलिश पेपर घासून बोटं सोलवटलीत. छान झालीय म्हटलं, तर फाटकाचा उरलेला चंदेरी ऑइलपेंट घेऊन आले. नको म्हणाले मी, बाळ कठडा चावणार.
"लिंब कडू असतंय. चावणारच न्हाय."
मी हट्ट सोडला नाही. अण्णा डबा उचलून गेले. चहालाही आले नाहीत.

५ नोव्हें.
धाराशिवहून व्हार्निश आणलं. दुकानदारानं एकदम सेफ सांगितलंय म्हणे. डब्यावर बारीक अक्षरात: लहान मुलांपासून दूर ठेवा. वाचून दाखवलं. अण्णांनी बराच विचार केला.
"मग खाट माडीवर ठिऊ."
आई आणि मी हसलो. हसायला नको होतं. आधीच परवापासून माझ्याशी आईमार्फत बोलतायत.

८ नोव्हें.
मोबाइलवर वाचलं. जवसाचं कच्चं तेल चालतं. रंगाच्या दुकानातलं तयार नको, त्यात लवकर वाळायचं औषध घालतात. अण्णांना पटलं, कारण तेल घाण्यावरचं, खायचं. पातळ हात मारून लगेच पुसायचं, हे दोनदा सांगितलं. त्यांनी बैलाच्या शिंगांना लावावं तसं चोपडलं. "पिऊ दे की लाकडाला," आईला म्हणाले. आणि पुसलं नाही.

१९ नोव्हें.
वाळेना. कठड्यावर धूळ, एक पीस, मांजराचे केस. अण्णा म्हणतात, थंडीमुळं.

२३ नोव्हें.
डोहाळजेवण झालं. कसं झालं ते लिहिते.
सासूबाई नवं इरकल नेसून आलेल्या. खाट बघून खरंच हरखल्या, कौतुकानं कठड्याला टेकल्या. ओटीसाठी पुढं आल्या, पदर मागंच. आईनं सोडवला. पाठीवर कठड्याचे पट्टे उमटलेले. अण्णा दारात, पार उतरलेले. काही तरी बोलायचं म्हणून म्हणाले, "खायचं तेल हाय, विहीणबाई," आणि सगळ्यांदेखत कठडा चाटला.
तोंड वाकडं झालं. लिंबच ते.
सासूबाईंनी बोट फिरवलं, जिभेला लावलं. "व्हय, जवसच हाय," म्हणाल्या. मग म्हणाल्या, माझ्या लेकाच्या पाळण्याला कुणी एवढं चाटून बघितलं नव्हतं. आधी त्याच हसल्या. लुगड्याचं पुढं काय होणार, कुणी विचारलं नाही.
जेवताना अण्णांनी मला स्वतः विचारलं, पुरणपोळी वाढू का.

३० नोव्हें.
अण्णांनी चिकट थर जुन्या धोतरानं पुसून काढला. परत घासलं. अंगणात ऊन. आता पातळ हात, लगेच पुसायचं. मी खुर्चीवर बसून बघते, ते न विचारता दाखवतात.

१४ डिसें.
पहिला हात वाळला. लाकूड मधासारखं दिसतंय. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला हात लावायला सांगतात. लावला की फडकं घेऊन पुसतात.

६ जाने.
नववा संपत आला. अण्णांना शेवटचा एक हात मारायचाच आहे. वाळायला वेळ लागेल म्हटलं, तर माझ्या पोटाकडं बघून म्हणाले, "जरा दम धर म्हणावं."
आज सकाळपासून कंबर भरून येतीय. राहून राहून. आईला सांगितलंय, ती दवाखान्याची पिशवी भरतीय. अण्णा अंगणात तेल लावतायत. त्यांना अजून सांगितलं नाही. एवढी एक बाजू होऊ दे.