वाक्यात उपयोग

प्रिय समीक्षा,

'प्रिय' लिहिताना पेन दोनदा अडखळलं. तू आता खडवलीच्या शाळेची मुख्याध्यापिका, तेव्हा 'माननीय' लिहावं की काय असं मनात आलं. पण आठवी 'ब'मध्ये तू माझी विद्यार्थिनी होतीस, आणि परवा माजिवड्याच्या हॉलमध्ये एवढ्या माणसांत तू वाकून माझ्या पाया पडलीस, म्हणून 'प्रिय'च राहू दे. फोन केला असता, पण फोनवर मी मुद्द्याचं सोडून हवापाण्याचं बोलत बसते. रवींद्र, म्हणजे माझा नवरा, गेली पंचवीस वर्षं हेच म्हणतो आणि या एका बाबतीत त्याचं बरोबर आहे.

आधी शाळेची खबर देते. तुझ्या वेळी डोंबिवलीच्या आपल्या शाळेत एकेका तुकडीत चौऱ्याहत्तर पोरं होती. तिघांच्या बाकावर चौघं कोंबून बसायची. आता अख्ख्या आठवीत सतरा आहेत. आसपासच्या घरांनी पोरं इंग्रजी माध्यमात घातली. माझा शौनकही तिकडेच शिकला, तेव्हा मला बोलायला तोंड नाही. पोरं कमी झाली की शिक्षक जास्त होतात. जुलैमध्ये आपल्या ऑफिसातले भगवान यादी घेऊन वर्गाच्या दाराशी आले. त्यांनी कागद पुढे करून आधी विचारलं, "बाई, पाणी आणू का?" तेव्हाच मी समजले. माझ्या नावापुढे 'अतिरिक्त' लिहिलं होतं, आणि इंग्रजी रकान्यात 'सरप्लस'.

माझी खोड तुला माहीत आहे. आनंद होवो की दुःख, मी आधी डिक्शनरी उघडते. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी 'सरप्लस' पाहिला. गरज भागून उरलेलं. म्हटलं, ठीक आहे, आपल्याकडे उरलेला भात शेजारी दिला तरी चालतो. तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण मी त्याचा भाऊबंदही पाहायला गेले, जरा भारदस्त शब्द, मी वर्गात मिरवायचे तो. सुपरफ्लुअस. नसलं तरी कुणाचं काही अडणार नाही असं. पान उघडं ठेवून मी कितीतरी वेळ बसले होते, कारण त्या शब्दाच्या जागी मला तू दिसलीस.

तू दिवाळीनंतर आली होतीस. वडिलांना डोंबिवलीत वॉचमनची नोकरी लागली म्हणून खडवलीहून वर्षाच्या मध्येच. बाकावर जागा नव्हती, म्हणून मी तुला खिडकीखाली जमिनीवर बसवलं. दोन दिवसांत करते सोय, असं म्हटलं आणि विसरले. मग एकदा हा शब्द फळ्यावर लिहिला. पुस्तकात नव्हता, पण मला हौस. वाक्यात उपयोग करा म्हटलं, कुणाचा हात वर होईना. माझी नजर खिडकीखाली गेली आणि मी हसत हसत लिहून मोकळी झाले : समीक्षा इज सुपरफ्लुअस इन धिस क्लास. त्र्याहत्तर पोरं हसली. मीही हसले. तू मान खाली घालून ते वाक्य वहीत उतरवलंस, त्याखाली पट्टीने रेघ मारलीस. संध्याकाळी वह्या तपासताना मी त्याला लाल पेनाने बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं, 'अक्षर सुंदर'. मार्चमध्ये तुम्ही गावी परत गेलात. मला वाईट वाटल्याचं आठवत नाही, खोटं कशाला बोलू. वीस वर्षांत मला ते वाक्य एकदाही आठवलं नाही, आणि याचीच मला जास्त लाज वाटते.

म्हणून परवा हॉलमध्ये तू समोर आलीस तेव्हा माझी त्रेधा उडाली. आम्ही सगळे अतिरिक्त शिक्षक खुर्च्यांवर रांगेने बसलो होतो, ज्येष्ठतेप्रमाणे नाव पुकारलं की उठायचं आणि पडद्यावरच्या रिकाम्या जागांतली एक शाळा निवडायची. खडवलीचं नाव आलं की सगळे आपापल्या मोबाइलमध्ये पाहायला लागायचे. तू माझ्या खुर्चीशी येऊन म्हणालीस, "बाई, खडवलीला या ना. नववीत एकोणचाळीस पोरं आहेत आणि इंग्रजीला दोन वर्षं कुणीच नाही." मग वर्गांबद्दल सांगता सांगता सहज म्हणालीस, "आमच्याकडे जमिनीवर कुणी बसत नाही हां. वर्षाच्या मध्ये कुणी आलं, तर पहिला बाक त्याला." तुझ्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी निदान वाद घातला असता. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेले आणि विठ्ठलवाडी म्हटलं.

घरापासून वीस मिनिटं! सगळ्यांनी अभिनंदन केलं. रवींद्रने येताना जिलेबी आणली. मी दोन वेढे खाल्ले आणि तिसरा ताटात तसाच ठेवला. खडवली लांब म्हणून मी टाळली नव्हती, सकाळची उलट्या दिशेची गाडी, बसायला जागासुद्धा मिळते. मी तुला घाबरून पळाले होते, समीक्षा. विठ्ठलवाडीच्या त्या शाळेत इंग्रजीचे दोन शिक्षक आधीच आहेत. मी तिसरी. उरलेली पाच वर्षं तिथे खुर्ची उबवून काढली असती आणि त्या भारदस्त शब्दाचा अर्थ रोज नीट कळला असता.

काल शिक्षण विभागात जाऊन मी जागा बदलून मागितली. तिथल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मॅडम, खडवलीतून सुटायचे अर्ज खूप येतात. खडवली द्या म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या." त्यांनी सांगितलं, खडवलीची जागा अजून कुणी घेतलेली नाही, पण मुख्याध्यापिकेचं संमतीपत्र लागेल, शुक्रवारपर्यंत.

तो कोरा कागद सोबत जोडला आहे आणि पत्र त्यासाठीच लिहिलं. त्याच्याबरोबर नुसती चिठ्ठी पाठवली असती, तर तू बाईंचा मान म्हणून डोळे मिटून सही केली असतीस, आणि ती मला नको होती. मी तुझ्याशी चुकले. पोरांना हसवायला मी एका पोरीला वापरलं. हे वाचून सही करावीशी वाटली नाही, तर कागद फाडून टाक, माझा राग नाही. केलीस, तर सोमवारी पहिल्या तासाला मी नववीत असेन, शिकवायला खूप हुरूप आलाय गं. आणि एक विचारते. ती आठवीची वही तू ठेवली आहेस का? असली तर घेऊन ये. मी लाल पेन आणते. मला ती बरोबरची खूण खोडायची आहे.

वाट पाहणारी, तुझीच
मृणाल बाई