थेयरांचा रस्ता

१० फेब्रुवारी

सिनेमावाल्यांनी आज आमच्या जुन्या प्रार्थनाघरात अकरा वेळा माझा हात वर करवला! खांदा भरून आलाय. सिनेमात आम्ही सोळाशे-कितीतरी सालचं गाव. गाई मेल्या, दोष एका कर्मठ प्युरिटन घरावर. आम्ही हात वर करून त्यांना पोरांसकट बर्फात हाकलतो. मग जंगलातलं भूत एकेकाला उचलतं. त्या घरातला बाप इतका हेकट, की आठ वेळा मी मनापासून हात वर केला.

मग त्यांच्या धाकटीचं काम करणारी पोर माझ्याकडे बघत राहिली. दिग्दर्शिका ओरडली, "लोइसबाई, चेहऱ्यावर दया नकोय मला!"

१२ फेब्रुवारी

माझ्या शेजारी उभी राहून हात वर करणारी डॉटी म्हणाली, "अगं, तो बाप म्हणजे आपला एझ्रा थेयरच की!" पोट दुखेपर्यंत हसलो.

गेल्या वर्षी एझ्राने माझ्या वाचनालयात येऊन लेकीचं कार्ड टेबलावर आपटलं होतं. "असली पुस्तकं आमच्या घरात नकोत." हल्डा बिचारी दारात मान खाली घालून उभी. कार्ड मी खणात टाकलं. राग अजून जात नाही.

२६ फेब्रुवारी

ग्रामसभेचा कागद आला. विषय सातवा— थेयरांच्या रस्त्यावरचा बर्फ यापुढे गावाने काढू नये. रस्त्यावर घर एकच. विषय मांडणारा वेंडेल म्हणतो, "त्याला गाव नको ना? मग गावाचं यंत्र कशाला?" व्हरमाँटच्या हिवाळ्यात रस्ता बंद म्हणजे त्यांना घर सोडावंच लागणार. बरं होईल, असं मनात आलं. लाज वाटते, पण आलं.

४ मार्च

ग्रामसभा. तेच प्रार्थनाघर, हात वर करणारे तेच. एझ्रा मागे उभा, टोपी हातात— विनवणीचा एक शब्द नाही! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

मीच उठले. "मला हा माणूस आवडत नाही. पण पोरांना बर्फात हाकलायला मी सिनेमात अकरा वेळा हात वर केलाय. बाराव्यांदा नाही."

"विषयाच्या बाजूने?" बरेच हात. "विरोधात?" आधी माझा एकटीचा. मग डॉटीचा, मला शिव्या देत. मग आणखी. नऊ मतांनी रस्ता वाचला. एझ्रा आभार न मानता निघून गेला. मेला!

७ मार्च

हल्डा आली. एकटी, चालत.

"बाबा म्हणाले, त्या हात वर करणाऱ्या बाईंकडे जा. कार्ड असलं तर माग."

खणातच होतं.