नानांचा दुसरा तास

ता. पाथर्डी,
२० मार्च १९७३

प्रिय गोरक्ष,

तुझ्या चुलत्यांनी केलेली तार तुला मिळाली असेल, त्यामुळे ती बातमी मी पुन्हा लिहीत बसत नाही. या पत्राचं काम वेगळं आहे. वाचताना तुला माझा राग येईल. येऊ दे. गोड बोलणं मला कधी साधलं नाही. अध्यापक विद्यालयात तू ते पुष्कळ ऐकून घेतलंस, आणि पुढं आपलं जमलं नाही त्याला थोडीफार ही जीभही कारण झाली असेल. आज तिला आवर घालून सगळं क्रमानं सांगणार आहे.

इकडं दुष्काळानं पार कंबरडं मोडलंय. आडाच्या तळाशी पोहरा नुसता खरवडतो. लोक घोडेगावच्या बाजारात बैल नेतात आणि पडेल त्या भावाला दावं दुसऱ्याच्या हातात देऊन परत येतात. निम्मा गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडतोय. शाळेत सुकडीचा कोरडा खाऊ वाटतात म्हणून पोरं येतात, नाहीतर शाळेला कुलूपच लागलं असतं. शाळा आपली तीच, दोन मास्तरांची. तिसरीपर्यंत मी आणि चौथी-पाचवीला तुझे नाना. मी इथं बदलून आले तेव्हा धास्तीच होती, की छडीवाले काकासाहेब मास्तर, त्यातून तुझे वडील, माझं त्यांच्याशी पटायचं कसं. पण पटलं. रोज भांडून पटलं.

मग तू शिकायला जपानला गेलास आणि तिकडून तुझी पत्रं यायला लागली. तू लिहिलंस की तिकडं गणित सुधारलं ते नुसत्या पुस्तकांनी नाही. एक मास्तर शिकवतो, बाकीचे मागं उभं राहून पोरांकडं बघतात, आणि शाळा सुटल्यावर सगळे मिळून त्या तासावर बोलतात. पोर कुठं अडलं, का अडलं, पुढच्या वेळी काय करायचं. मास्तरची उणीदुणी कुणी काढत नाही. ते पत्र नानांनी माझ्याकडून परत परत वाचून घेतलं. येत्या जूनमध्ये निवृत्त होणारा माणूस. मी म्हटलं, आता या वयात कशाला नसता उपद्व्याप. तर म्हणाले, पोरानं एवढ्या लांबून सांगितलंय, करून तर बघू.

पहिल्या वेळची गंमत तुला कुणी कळवली नसेल. आपल्याकडं वर्गात मागं येऊन बसतो तो फक्त तपासणीचा साहेब. दुसरं कुणी बसतं हे आपल्या कुणाच्या डोक्यातच येत नाही. मी नुसतं म्हटलं होतं की सोमवारी मी तुमच्या वर्गात मागं बसेन. सोमवारी जाऊन बघते तर नाना धुतलेली टोपी आणि लग्नाकार्यातला कोट घालून उभे. जमीन सारवलेली, फळ्यावर सुविचार, हुशार पोरं पुढं आणि ढ पोरं शेळ्यांमागं धाडलेली. पोरांकडून उत्तरंसुद्धा घोकून घेतली होती. नाना प्रश्न विचारायच्या आतच एकानं उठून उत्तर दिलं. मी हसून हसून बेजार झाले, आणि मग भांडले. नाना ओशाळले. म्हणाले, मागं कुणी बसलं की मास्तरच परीक्षेला बसतो गं, जन्माची सवय आहे.

खरा तास झाला तो श्रावणात, अपूर्णांकांच्या भागाकाराचा. नानांनी फळ्यावर तीन भागिले अर्धा लिहिलं आणि नेहमीसारखं सांगितलं, उलटा करा आणि गुणा, उत्तर सहा. तेव्हा मनकर्णा उठली. सहादेवची ही पोरगी तू पाहिलेली नाहीस. आईबाप दरसाल ऊसतोडीला जातात, त्यांच्यामागं ही पण जाते, अर्धं वर्ष शाळेचं तोंड बघत नाही, तरी रडतखडत पाचवीपर्यंत पोचली. यंदा दुष्काळानं ऊसतोडच नव्हती, म्हणून वर्षभर गावात राहिली. ती म्हणाली, "गुरुजी, भागलं की कमी व्हाया पायजे न्हवं? मग ह्ये वाढलं कसं?" नाना खडू हातात धरून थांबले. मी मागं भिंतीला टेकून बसले होते, म्हटलं आता हिला दटावणार. तर ते म्हणाले, "मनकर्णे, मला ठाऊक नाही. आजवर मला कुणी विचारलं नाही, न् मीही कुणाला विचारलं नाही. आपण मिळून शोधू." दुसऱ्या दिवशी तिनंच शोधून आणलं. तीन भाकरी अर्धी-अर्धी वाटल्या तर सहा जण जेवतात, म्हणाली, आमच्यात रोज आसंच वाटत्यात. नानांना एवढा आनंद झाला की शाळा सुटल्यावर मला घरी नेलं आणि तुझ्या रतनआत्याला चहात साखर घालायला लावली, घरात साखर नसताना. आत्या शेजारून मागून आली.

तो तास मी तुला कळवला. तू तो तुझ्या प्राध्यापकांपुढं वाचलास आणि त्या माणसांनी तो पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावला, असं तुझं उत्तर आलं. ते पत्र कोटाच्या खिशात घालून नाना गावभर फिरले. ज्याला त्याला सांगायचे, माझं नाव जपानात गेलं, आणि कशावरून गेलं, तर मला येत नाही म्हणालो त्यावरून. गाव ते गाव. शाळा समितीतला पुंजाराम पारावर बसून म्हणाला, "मास्तरलाच येत न्हाई तर पोरांला काय शिकिवनार? सरकार फुकट पोसतंय व्हय?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. तालुक्याला अर्ज गेला. त्या अर्जात मीही होते, परदेशी थेरं शाळेत आणणारी बाई म्हणून.

जानेवारीत त्या अर्जावरून तपासणीचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. दुष्काळी कामंही त्याच्या गळ्यात मारलेली होती. शाळेच्या ओट्यावर आम्हा दोघांना उभं करून म्हणाला, मास्तर, जून तोंडावर आलाय, पेन्शनला डाग कशाला लावून घेता. या बाईंचीही नोकरी अजून कायम नाही. तोच पाठ उद्या माझ्यासमोर नीट घ्या, मी समाधानकारक लिहितो, प्रकरण मिटलं. संध्याकाळी मी नानांच्या घरी गेले आणि त्यांना बजावलं, अजिबात झुकू नका, माझी नोकरी गेली तर मी खडी फोडीन. ते म्हणाले, खडी फोडणाऱ्यांचे हात तू जवळून बघितले नाहीस. एवढं बोलून ते दुसऱ्या दिवसाचा पाठ काढत बसले.

दुसऱ्या दिवशी साहेब खुर्चीवर आणि मी माझ्या जागी भिंतीशी. नानांनी आधी सूत्र म्हणवून घेतलं. सगळा वर्ग एका सुरात, उलटा करा आणि गुणा. मग फळ्यावर पाऊण भागिले अर्धा मांडलं, उत्तर दीड आलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. तेवढ्यात मनकर्णेनं हात वर केला, आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत ती उभी राहिली. "गुरुजी, पाऊन भाकर अर्धी-अर्धी वाटली तर दीड मानूस जेवलं. दीड मानूस कसं आसंल?" गोरक्ष, एवढा चांगला प्रश्न मी कुठल्या वर्गात ऐकला नव्हता. पोरं नानांकडं बघत होती. गुरुजी आता मिळून शोधू म्हणणार, हे त्यांना ठाऊक होतं. नाना म्हणाले, "खाली बस. सूत्र पाठ कर." तिला वाटलं, गुरुजींना नीट ऐकू गेलं नाही. ती पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागली. नानांनी टेबलावर छडी आपटली. मी या शाळेत आल्यापासून ती छडी त्यांच्या हातात बघितली नव्हती. मग ती बसली.

साहेबांनी समाधानकारक लिहिलं आणि जीपमध्ये बसून गेले. नानांचं पेन्शन वाचलं, माझी नोकरी वाचली, आणि पाचवीत हात वर होणं बंद झालं. आठवड्यानं मनकर्णा आईबरोबर खडीवर गेली. आई राहीबाई म्हणाली, सुकडी तितंबी मिळतीच की. नाना वेळेवर यायचे, शिकवायचे, घंटा झाली की खाली मान घालून घरी जायचे. मला त्यांचा संताप आला होता. एका शाळेत राहून मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही. अजूनही तो राग पुरता गेलेला नाही, आणि हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

मग त्यांना ताप यायला लागला. रतनआत्या मला बोलवायला आली, म्हणाली, जेवत न्हाईत गं, भाकर मोडून ताटात नुसते तुकडे मांडीत बसत्यात. मी गेले तर खरंच तेच चाललं होतं. मला बघून म्हणाले, "पुष्पा, सापडलं. पाऊण भाकर. एकाला त्याची अर्धी पुरी मिळाली. उरली चतकोर, ती दुसऱ्याला. तो अर्धपोटी उठला. दीड माणूस म्हणजे एक जेवलेला नि एक अर्धपोटी. तिला जाऊन सांग." मी रस्त्याच्या कामावर गेले. मनकर्णा उन्हात हातोडी घेऊन बसली होती, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मी सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "त्याच दिशी कळलं हुतं बाई. सांच्याला आई अर्धपोटी उठली तवा. पर कुनाला सांगायचं?" मी म्हटलं, शाळेत ये. तिनं पुढचा दगड ओढला. परत येऊन मी नानांना सांगितलं की पोरगी खूश झाली. ते खोटं होतं.

जायच्या आदल्या दुपारी त्यांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, "गोरक्षला पहिला तास कळवलास, आता दुसराही कळव. मी लिहीन तर सारवासारव करीन. तू मागं होतीस, बघितलंस तसं लिही. त्याला म्हणावं, हाही तिथं सगळ्यांपुढं वाच, आणि माझं नाव झाकू नकोस. तास झाला की त्यावर बोलायचं असतं ना? या तासावर कुणी बोललंच नाही. तूसुद्धा नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. म्हणून हे पत्र. पोरीचा हात वर होता, प्रश्न बरोबर होता, आणि मास्तर घाबरले होते. मागं बसून मला दिसलं ते एवढंच. आता तुम्ही सगळे बसा आणि बोला.

तुझीच,
पुष्पावती