विहीर बुजवण्याआधी आत्तींना

प्रिय आत्ती,

उद्या सकाळी आपल्या मळ्यातली विहीर बुजवायला मशीन येणार आहे. खरं तर हे तुमच्या लेकानं तुम्हाला सांगायला हवं होतं. पण काल ते भरल्या ताटावरून उठले आणि म्हणाले, "आईला तू सांग. माझ्यानं न्हाय व्हायचं." म्हणून सुनेवर सासूला पत्र लिहायची वेळ आलीय.

शेवटच्या दुखण्यात तुम्ही त्यांच्याकडून शब्द घेतलात, तेव्हा मी उशाशीच होते. जितं पाणी बुजवू नये, तिथं साती आसरांचा वास आहे, माझ्या माघारी कुणी त्यात माती लोटायची नाही. आत्ती, जाणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणेल? तेवढं तरी जाणायचं होतंत!

लग्न होऊन शिरोळला आले तेव्हा मला पोहरासुद्धा टाकता यायचा नाही. दोर सुटला की तुम्ही काठावर बसून हसायचात. म्हणायचात, "म्हायारी नळाला तोंड लावून पीत हुतीस व्हय गं?" मग स्वतः उठून मनगटाला हिसका कसा द्यायचा ते दाखवायचात. काय गोड पाणी होतं ते! पुढं उसाला पाणी पाजून पाजून जमीन खारवटली, विहीर मचूळ झाली आणि दारात नळ आला. महापुरानं भरलेला गाळही मग कुणी उपसला नाही.

तेव्हाच बुजवली असती तर? पण तुम्ही मधली वाट काढलीत. वर पत्रे टाकायला लावलेत, त्यावर पाचट पसरलंत, काठावरच्या आसरांच्या सात दगडांना शेंदूर लावलात आणि म्हणालात, झाकलीय, बुजवली नाही. आम्हालाही ते पटलं. अहो, उघडी होती तेव्हा निदान दिसत तरी होती!

आपली राणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. मुलगी झाली, रंग तुमचा घेतलाय. सव्वा महिना झाला तशी राणी पाणी पुजायला निघाली. मी म्हटलं, नळापाशी पूज. तर म्हणते, "आज्जीनं तुला हिरीवरच न्हेलतं की." नात शेवटी कुणाची!

बाळ माझ्याकडे होतं. कुंकू वाहायला ती वाकली आणि पाचटाखाली काठ कुठं संपतो हे तिला दिसलंच नाही. गंजलेला पत्रा फाटला, ती मांडीपर्यंत आत गेली. हे शेजारी उभे होते म्हणून दंड धरून ओढली. ओटीतला नारळ खाली गेला, त्याचा आवाज यायला किती वेळ लागला! मी बाळाला इतकं आवळलं की ते रडायला लागलं. तुमचा राग आला, आत्ती. गेलेल्या माणसावर इतकं चिडता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

राणीच्या मांडीला टाके पडले. विहीर बुजवायची हे त्याच दिवशी ठरलं, पण हे तेव्हापासून गोठ्यात जाऊन बसतात. मध्येच म्हणाले, पडक्या भिंतीचा राडारोडा लोटून एकदाचं मोकळं होऊ. मिस्त्री नको म्हणाला. आतली घाण कुजली की झऱ्यातून शेजाऱ्यांच्या बोअरला लागते म्हणे. म्हणून आधी उपसा केला. निर्माल्य, बाटल्या, औषधांचे डबे, काय काय निघालं त्यातून! आता खाली दगड, मग वाळू-मुरूम आणि वर चिकणमाती ठोकून बसवायची. पावसाळ्यात खचली तर पुन्हा भरायची. आसरांना मी ओटी भरून बांधावरच्या औदुंबराखाली नेऊन बसवलंय.

सगळं रीतसर चाललंय, तरी मनाला स्वस्थता नाही. तुम्ही कोपाल का? आसरा कोपतील का? खरंच मला माहीत नाही. जितं पाणी मातीत घालायचं म्हणजे पाप लागतं, असं माझी आईही सांगायची.

पण एक ठरवलंय. उद्या पहिली पाटी मी लोटणार, ह्यांना हात लावू देणार नाही. शब्द त्यांनी दिला होता, मोडणार मी. त्यांना बोल लावू नका. जाब विचारायचा तो मला विचारा. तिकडं आले की तुमच्यासमोर उभी राहीन, पण माफी मागणार नाही. माझं वचन एवढंच, की तुमची पणती त्या जागेवर रांगेल आणि मी घरात निवांत भाकरी थापत असेन.

तुमची सून,
शालन