दोरीवरची दुसरी जागा

१ डिसेंबर, रविवार

पोचले एकदाची! बस मला आणि माझ्या दोन बोचक्यांना उतारावर सोडून निघून गेली, आणि मी रस्त्याच्या कडेला वेड्यासारखी हसत उभी राहिले. समोर शिखर. मान मागे टाकल्याशिवाय टोक दिसत नाही. टोपी खाली पडली, ती उचलून पुन्हा पाहिलं.

कचेरी म्हणजे लाकडी दुमजली घर. खाली दोऱ्या, बूट, कुऱ्हाडी आणि एक मोठं टेबल, मागे स्वयंपाकघर, वर माझी खोली. माझं काम एकच, पण भारी: जानेवारीतली बर्फातली चढाई आखायची. कोण जाणार, किती वाजता निघणार, दोरीवर कोण कुठे बांधलं जाणार, पाठीवर काय काय. आणि मुख्य म्हणजे चढाईला मीही जाणार.

इथले प्रमुख म्हणजे काका. सगळेच त्यांना काका म्हणतात. साठीचे, बोलणं मोजूनमापून. दुसरा लंबू, वाटाड्या. दारातून आत येताना सवयीने वाकतो, दार उंच असलं तरी. आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या मावशी. त्यांनी माझ्या हातात चहा दिला आणि हात किती गार पडलेत म्हणून रागावल्या. मला फार बरं वाटलं.

ही वही ताईची. तिने आपली लिहिलेली पानं फाडून उरलेली मला दिली. तिचा फ्रॉक, तिचं दप्तर, तिची सायकल, आता वहीसुद्धा. जन्मभर तिची उतरण वापरली. पण ही नोकरी मात्र कोरी करकरीत, माझी.

३ डिसेंबर, मंगळवार

कोरी करकरीत कसली!

माझ्याआधी इथे एक मुलगी होती. तिला सुतळी म्हणत, कारण खिशात कायम सुतळीचा तुकडा असायचा आणि बोलता बोलता ती गाठी मारत बसायची. दोन हिवाळ्यांपूर्वी ती वर गेली आणि परत आली नाही. दोरीवर तिच्यामागे लंबू होता. तो म्हणाला, धुकं आलं, दोर सैल पडला, ओढून पाहिला तर तिची जागा रिकामी. गाठ तुटली नव्हती. कुणीतरी नीट सोडवावी तशी सोडवलेली होती.

ऐकून मलाही वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण मग काकांनी मला वापरायला जाड निळं जाकीट दिलं, बूट दिले, आणि दोन्ही मला मापून शिवल्यासारखे बसले. सुतळीचेच, तिचा मागे राहिलेला दुसरा जोड. बसतील हे माहीत होतं, ते म्हणाले.

दाराशी एक पाटी आहे. खिळ्यांवर प्रत्येकाचा पत्र्याचा बिल्ला, त्यावर नाव. एक बाजू पांढरी, दुसरी लाल. वर जाताना बिल्ला लाल करायचा, परत आलं की पांढरा. ज्याचा त्याने, स्वतःच्या हाताने. दुसऱ्याच्या बिल्ल्याला बोट लावायचं नाही. मी का विचारल्यावर मावशी म्हणाल्या, एकाचा उलटलास तर दुसऱ्याचा उलटतो, असं जुनी माणसं सांगतात. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

पाटीवर एकच बिल्ला लाल आहे. कुणाचा ते लिहायला नको. काका रोज सकाळी तो फडक्याने पुसतात. फक्त तोच.

१० डिसेंबर, मंगळवार

आठ दिवस खपून तक्ता केला. पहिला दिवस खालच्या निवाऱ्यापर्यंत, दुसरा वरच्या, तिसऱ्या दिवशी शिखर. दुपारचा एक वाजला की असू तिथून मागे फिरायचं, शिखर हाताच्या अंतरावर असलं तरी; कारण नंतर ऊन बर्फ भुसभुशीत करतं आणि उतार सरकू लागतो. माणसं पाच: काका, लंबू, मी, आणि पाहुण्या म्हणून एक डॉक्टरीणबाई व त्यांचा नवरा. प्रत्येकाच्या शिध्याचं वजनही काढलं.

काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं. छान म्हणाले. मी फुलले. मग त्यांनी खण उघडून एक जुना कागद काढला आणि म्हणाले, सुतळीनेही अगदी असाच केला होता, फक्त तिचं अक्षर मोत्यासारखं.

तळपायाची आग मस्तकात गेली. हसून दाखवलं.

१४ डिसेंबर, शनिवार

उठताबसता सुतळी. सूप ढवळताना मावशींना आठवतं की सुतळी कांदा किती बारीक चिरायची. दोऱ्या वाळत घालताना लंबूला आठवतं की ती शिट्टी कशी वाजवायची. तिचा कप अजून फळीवर आहे, धुतलेला. मला कान तुटलेला दिलाय.

आज ठरवून सगळ्या दोऱ्या एकटीने तपासल्या, गुंडाळल्या, खुंट्यांना लावल्या. लंबू आला, वाकला, पाहिलं, म्हणाला, अरे वा, सुतळीसारख्याच. मी बाहेर जाऊन बर्फाला लाथ मारली. बूट तिचेच, त्यामुळे तेवढं समाधान मिळालं.

मेलेल्या माणसाचा मत्सर करणं वाईट. कळतं. पण जिवंत ताईशी मी निदान भांडू तरी शकत होते.

१९ डिसेंबर, गुरुवार

दोरीचा क्रम ठरला. पुढे काका. दुसरी जागा रिकामी. मग लंबू, मग पाहुणे, आणि शेपटाला मी.

रिकामी म्हणजे काय, तर तिथे दोराला एक फास मोकळा ठेवायचा. बिल्ला लाल असेल तोवर माणसाची दोरीवरची जागा जात नाही, असा इथला नियम. एक शिधाही जास्तीचा न्यायचा आणि वरच्या निवाऱ्यात ठेवून यायचा. मी म्हटलं, दुसऱ्या जागेवरूनच काकांचा हात बघून शिकता येतं, मला ती द्या. काका म्हणाले, बिल्ला पांढरा झाला की देईन.

पांढरा कोण करणार? ती?

२३ डिसेंबर, सोमवार

केलं.

दुपारी तिघंही सामान आणायला खाली गेले होते. पाटीसमोरून चार वेळा गेले. पाचव्यांदा थांबले. बिल्ला इतका पुसलेला होता की त्यात माझं नाक दिसत होतं. उलटला. पत्रा फार गार होता, बोटाचं कातडं जरा चिकटलं. बाकी काही झालं नाही. आकाश कोसळलं नाही. मी चहा केला आणि तिच्या कपातून प्यायले.

२४ डिसेंबर, मंगळवार

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. काका फडकं घेऊन आले, पाटीकडे बघत राहिले आणि स्टुलावर बसले. एवढंच म्हणाले, आली. मावशी डोळे पुसत हसत होत्या. कुणी केलं असं कुणी विचारलंच नाही. ही माणसं भोळी आहेत की खुळी?

काकांनी शब्द पाळला नाही. दुसऱ्या जागेचं विचारलं, तर म्हणाले, आता ती आहे ना.

२७ डिसेंबर, शुक्रवार

खुंटीवरचं निळं जाकीट ओलं आहे. खांद्यांवर बर्फ. मी ते दोन दिवसांत घातलेलं नाही.

तक्त्यावर पेन्सिलीने खुणा. दोरीच्या क्रमात, दुसऱ्या जागेवर, तिचं नाव. मोत्यासारखं अक्षर. लंबूची चेष्टा असणार. त्याला विचारलं, तर त्याचं अक्षर त्याने लिहूनच दाखवलं. कोंबडीचे पाय. मग तो मला म्हणाला, तू बरी आहेस ना, तुझा आवाज लांबून येतो.

३१ डिसेंबर, मंगळवार

माझा बिल्ला लाल आहे.

मी कुठे गेलेच नाही! लगेच पांढरा केला. मावशींना सांगायला गेले. त्या कांदा चिरत होत्या. मान वर केली नाही. शेजारी दुसरा चाकू चालल्यासारखा आवाज येत होता, बारीक, भराभर. शेजारी कुणी नव्हतं.

परत आले तर बिल्ला लाल.

४ जानेवारी, शनिवार

तिचा बिल्ला पुन्हा लाल करायचा प्रयत्न केला. हलत नाही. खिळ्याला गोठून बसलाय. चिमट्याने ओढला, कुऱ्हाडीच्या पात्याने. माझा मात्र बोट लावायच्या आत फिरतो.

काकांपुढे उभी राहून सगळं कबूल केलं. मी केलं, मला जळफळाट झाला, मला माफ करा, म्हटलं. त्यांनी माझ्यामागच्या खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, वर वारा सुटलाय.

९ जानेवारी, गुरुवार

आज चार कप. काका, लंबू, मावशी आणि — तिचा. कान तुटलेला कप कचऱ्याच्या डब्यात.

शिट्टी ऐकू येते. सुरात वाजवते. तेही चांगलंच येतं तिला.

माझ्या खोलीत बर्फ. उशीवर. दार-खिडकी बंद.

१३ जानेवारी, सोमवार

पळून जायला निघाले. बसला हात केला. थांबली नाही. हात करत राहिले — चालकाने माझ्या आरपार शिखराकडे पाहिलं.

मागे फिरून पाहिलं. रस्त्यावर माझी पावलं नाहीत.

बिल्ले पाटीपाशीच उलटतात, पण हे सगळं बिघडलं ते वरच असेल तर? ती जिथे सुटली तिथे जाऊन — तिच्या जागेवर मी बांधून घेतलं तर — सुचत नाही दुसरं काही. उद्या ते निघतात. मीही निघणार.

१५ जानेवारी, बुधवार

वरचा निवारा. दोन दिवस त्यांच्यामागून चालले. पुढे काका, दुसरी निळं जाकीट, मग लंबू, मग पाहुणे. शेपटाला रिकामा फास. माझ्यासाठी ठेवलाय. नियमाप्रमाणे.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हा फास कुणाचा. काका म्हणाले, एक मुलगी होती.

एवढंच. एक मुलगी होती.

१६ जानेवारी

फास कमरेला घातला. घट्ट. निदान दोरीवर तरी आहे.

एक वाजला. मागे फिरायची वेळ, तक्ता माझाच. ते फिरले. काका माझ्या अंगाला घासून गेले. ती थांबली. टोपी मागे सारली. रागावलेली नव्हती, तेच वाईट. दमलेली होती. दोन हिवाळे दमलेली. माझ्या गाठीला हात घातला — तुटली नाही, कापली नाही — नीट सोडवली. बोटं किती सफाईदार —

धुकं. दोर सरकत गेला. मी ओरडले, लंबू, ओढ — त्याने ओढला. टोक रिकामं.

तारीख माहीत नाही

वरचा निवारा. जास्तीचा शिधा इथे होता. माझा. खाल्ला. चव नाही.

उतरते. संध्याकाळपर्यंत उतरते. आणि निवाऱ्याचं दार पुन्हा समोर.

खिडकीतून कचेरीचं छप्पर दिसतं. धूर दिसतो. माझा बिल्ला कुणी पुसत नसणार. धूळ बसेल, नाव जाईल, मग कुणी —

तिचा पुसत होते म्हणून तर मला दिसला.

आज

बस आली. उतारावर थांबली. कुणीतरी उतरलं, दोन बोचकी. मान मागे टाकून वर बघतेय. हसत असेल.

नवी.

वाईट आहे हे, कळतं मला. तरी लिहिते. काका, तिला माझ्याबद्दल सांगा. एक मुलगी होती, एवढं पुरे नाही. तक्ता छान करायची म्हणा. दोऱ्या किती नीट गुंडाळायची — मावशी, तुम्ही तरी — काहीतरी असेल ना माझं, एखादी गोष्ट, ताईची नाही, तिची नाही, माझी — उठताबसता सांगा, तिच्या पोटात दुखेपर्यंत सांगा — तिला राग येऊ दे, पाटीसमोर थांबू दे, चिडून माझा बि